आई आफ्रिकेला गेलीय

"आई कुठल्या तंबूत आहे?"

गाडीतून पाय जमिनीला लागायच्या आत रेवाने विचारलं. मसाई मारातल्या त्या कॅम्पवर आमच्या स्वागताला दोन माणसं उभी होती, एकाच्या हातात गार ओले टॉवेल आणि दुसऱ्याच्या हातात कसल्याशा सरबताचे पेले. पाच तास धुळीतून आलेल्या माणसाला आधी तोंड पुसावंसं वाटतं. रेवाला तसलं काही वाटत नव्हतं. ती एका तंबूच्या दारातून दुसऱ्या तंबूच्या दाराकडे बघत होती.

"आधी सरबत पी," मी म्हणालो.

"प्यायले की सांगणार?"

"उद्या सांगतो."

गार्गीने एक पेला घेतला आणि धाकटीच्या तोंडाला लावला. गार्गी तेव्हा नऊ वर्षांची होती, रेवा पाचची. मी दातांचा डॉक्टर, कराडचा. आणि त्यांची आई, म्हणजे माझी बायको वैजयंती, पाच महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका दवाखान्यात मेंदूतली रक्तवाहिनी फुटून वारली होती. गार्गीला ते माहीत होतं. रेवाला नव्हतं. रेवाच्या मते आई आफ्रिकेत होती.

हे खोटं माझ्या आईचं. तिला घरात सगळेच माई म्हणतो. वैजयंती शाळेत भूगोल शिकवायची आणि आदल्या दिवाळीपासून आमच्या घरात आफ्रिकेशिवाय विषय नव्हता. ऑगस्टमध्ये लाखो विल्डबीस्ट मारा नदी ओलांडतात, ते तिला मुलींना दाखवायचं होतं. फेब्रुवारीत बुकिंग झालं, फ्रिजवर नकाशा लागला, गमबूट घ्यायचे की नाही यावर आठवडाभर वाद झाला. मार्चमध्ये ती गेली. त्या संध्याकाळी शेजारच्या अनघाताईंकडून रेवा घरी आली आणि माणसांनी भरलेल्या घरात तिने आई कुठाय म्हणून विचारलं. माई म्हणाली, "आई आफ्रिकेला गेलीय. पुढे जाऊन सगळी व्यवस्था बघायला."

एक रात्र ढकलायला मारलेली ती थाप होती. ती तेरा दिवस पुरली, मग महिना पुरला. फोन का करत नाही, तर तिथे रेंज नाही. कधी येणार, तर आपणच जायचंय ना. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आईविना पोर ती, मोठी झाली की कळेल आपोआप, असं माई म्हणायची. मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो. हिरडीला भूल दिली की दाढ उपटताना पेशंटला कर्रकर्र आवाज सगळा ऐकू येतो, फक्त दुखत नाही. मी तसा पाच महिने ऐकत होतो.

वर्षाच्या आत कसला परदेश, असं माझे सासरे म्हणाले, बहीण म्हणाली, आमच्या गल्लीतला इस्त्रीवालासुद्धा म्हणाला. त्यांचं चुकत नव्हतं. पण जे आधीच ठरलेलं होतं तेवढंच मला करता येत होतं. नवीन काही ठरवायचं, अगदी नाही जायचं एवढंसुद्धा, माझ्याच्याने होत नव्हतं. शिवाय मनाशी एक हिशेब होता. रेवाला तिथे नेऊन, शांत जागी बसवून खरं सांगून टाकायचं. आफ्रिका बघितल्याशिवाय आई आफ्रिकेत नाही हे तिला पटणार कसं?

निघताना माईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "काय सांगणार आहेस तिथे तिला?"

"खरं ते."

"बघ बाबा. झेपेल असं सांग." एवढं बोलून तिने पदराने चष्मा पुसायला घेतला.

तर पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. दिवस मावळायच्या आत आम्ही तिघं तंबूसमोर खुर्च्या टाकून बसलो होतो. समोर ओढा, त्यापलीकडे जिराफ बाभळीचे शेंडे खात होते. जागा शांत होती, मुलगी मांडीवर होती. एवढं सगळं जुळून आलेलं असताना मी काय केलं, तर जिराफाच्या मानेत आपल्याइतकीच, सातच हाडं असतात हे सांगितलं. रेवाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे आईने आधीच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. आमचा ड्रायव्हर आणि गाइड एकच, एलायजा नावाचा पन्नाशीचा मसाई गृहस्थ. मुलींनी पहिल्याच दिवशी त्याचा एलायजाकाका केला होता. त्याच्याशी बोलणं इंग्रजीतून चालायचं. गार्गीला बऱ्यापैकी यायचं, रेवाला चार शब्द. पण 'बाबा' म्हणजे बापच हे त्याला न सांगता कळत होतं, कारण त्यांच्यातही बापाला बाबाच म्हणतात. तो मला कधी डॉक्टर म्हणायचा, कधी बाबा गार्गी. तिकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावाने ओळखायची पद्धत आहे, आणि आईला ते मामा म्हणतात.

तासाभरात त्याने आम्हाला गवतात लोळणारे सात सिंह दाखवले. रेवाने गाडीच्या उघड्या छतातून डोकं वर काढून ते बघितले, मोजले, आणि खाली येऊन मला विचारलं, "काकांना कसं कळलं सिंह इथे आहेत ते?"

मी एलायजाला विचारलं. त्याने गाडीतल्या रेडिओचा माइक हातात घेऊन दाखवला. इथल्या सगळ्या गाड्यांत हा असतो. ज्याला पहिल्यांदा काही दिसलं तो सगळ्यांना सांगतो. एकट्याने शोधत बसलं तर आठवडाभर फिरूनही काही दिसणार नाही. मी रेवाला ते मराठीत सांगितलं.

"काहीही शोधता येतं?"

"काहीही," मी म्हणालो. माझं लक्ष नव्हतं.

नऊच्या सुमाराला आम्ही नदीजवळच्या एका चौकीपाशी थांबलो. तिथे स्वच्छतागृह होतं आणि त्यापुढे भली मोठी रांग. मुलींना एलायजाजवळ गाडीत ठेवून मी गेलो. परत यायला पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. आलो तेव्हा एलायजा माइकवर बोलत होता. मला बघून त्याने मान हलवली, थोडीशी गंभीरपणे, आणि गाडी सुरू केली. बिबट्या दिसला असेल कुठेतरी, असं मला वाटलं.

आम्ही नदीच्या कडेने निघालो. झेब्रे दिसले, गेंडा दिसला नाही. रेडिओवर खरखर चालूच होती. स्वाहिली मला ओ की ठो कळत नव्हती, त्यामुळे ती खरखर मला बरी वाटत होती. कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

मग त्या खरखरीत 'वायजायांती' असं काहीतरी आलं.

मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. मी समोर बघत राहिलो. मिनिटभराने एक बाईचा आवाज आला, बहुतेक कुठल्यातरी कॅम्पच्या ऑफिसातून. बरंच काही बोलून शेवटी ती म्हणाली, "वायजायांती, हपाना." मग एक म्हातारा घोगरा आवाज, "मामा वायजांती." मग आणखी एक.

त्या दूरच्या मुलखात कुणीकुणी माझ्या बायकोला हाका मारत होतं. मिरजेहून आल्यापासून आमच्या घरात तिचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. 'ती', 'तिचं', 'ते झालं तेव्हा', असंच सगळे बोलायचे. मीसुद्धा.

मी मागे वळून पाहिलं. रेवा सीटवर उभी राहून, छतातून डोकं बाहेर काढून चारी दिशांना बघत होती. गार्गी खाली बसली होती. ती माझ्याकडे बघेना.

"एलायजा, हे काय चाललंय?"

"धीर धरा, डॉक्टर," तो म्हणाला. "अकरा कॅम्पचं उत्तर आलंय. हपाना, तिथे नाहीत. अजून बरेच राहिलेत."

"कोण नाही?"

"मामा गार्गी." त्याने गाडीचा वेग कमी केला. "धाकटीने मला रेडिओ दाखवला आणि म्हणाली, माय मदर, माय मदर. मोठीला मी विचारलं, आई इथे मारात आहे का? ती हो म्हणाली. कुठल्या कॅम्पवर? माहीत नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं, नक्की? ती पुन्हा हो म्हणाली. नावही तिनेच सांगितलं." थोडं थांबून तो म्हणाला, "तुमचं नवरा-बायकोचं काही भांडण झालं असेल तर मला त्यात पडायचं नाही. पण हे रान आहे. बाई एकटी असेल तर चौकशी करायला हवी. मी चौकीवरसुद्धा कळवलंय."

आता सांगावं, असं मला वाटलं. तोंड उघडलं, आणि समोरून धूळ उडवत एक हिरवी जीप आली.

जीपमधून वनखात्याचे दोघं उतरले. थोरला साठीकडे झुकलेला होता, त्याच्या हातात वही होती. तो माझ्या खिडकीशी आला, टोपी काढली आणि सावकाश, समजुतीच्या इंग्रजीत म्हणाला की घाबरू नका, बहुतेक वेळा माणूस सापडतो, मला फक्त दोन-तीन गोष्टी सांगा.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

आणि मी उत्तर दिलं. मला अजून कळत नाही मी असं का केलं. पाच महिने मला हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं ना. "सतरा मार्च," मी म्हणालो. "दुपारी चार वाजून दहा मिनिटं."

त्याने सतराचा आकडा लिहिला आणि मान वर केली. ऑगस्ट चालू होता. "कुठे?"

"मिरजेला."

"हा कुठला कॅम्प?"

त्याने तेवढी जागा मोकळी सोडली. "अंगावर काय कपडे होते?"

"हिरवी साडी. हिरव्या बांगड्या, दोन्ही हात भरून." सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला नटवलं होतं, मळवट भरला होता, ओटी भरली होती. एरवी जिला साडीचा कंटाळा.

"हिरवी," तो लिहिता लिहिता जोडीदाराला म्हणाला. "हे वाईट. झुडपात लांबून दिसणार नाही."

"सर," मी म्हणालो, "लिहू नका. ती मेली आहे. ती इथे आलीच नाही."

मी हे पहिल्यांदाच म्हणत होतो. इंग्रजीत म्हणालो, म्हणून जमलं. त्या माणसाने वही मिटली आणि पेन खिशाला लावायला गेला, ते काही त्याच्याने एका झटक्यात लागेना. एलायजाने गाडी बंद केली.

छतातून रेवाने खाली वाकून विचारलं, "काका काय म्हणाले? सापडली?"

मी तिला खाली ओढून घेतलं आणि माझ्या समोर बसवलं. वाईट बातमी सांगायची आमच्या धंद्यात फारशी वेळ येत नाही. फार तर दाढ काढावी लागेल, एवढंच. कसं सांगायचं त्याची उजळणी मी विमानात केली होती. तारे, देवबाप्पा, असं काहीबाही होतं त्यात. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"रेवा, आई इथे नाहीये. ती आफ्रिकेला आलीच नाही. ती मेली."

आपल्या माणसासाठी आपण हा शब्द वापरत नाही. पण दुसरा कुठलाही वापरला असता तर तिने पुन्हा पत्ता विचारला असता.

"कधी?"

"मार्चमध्ये. तू अनघाकाकूंकडे होतीस ना, तेव्हा. खूप डोकं दुखलं तिचं, मग दवाखान्यात नेलं."

"तुम्ही होतात तिथे?"

"होतो."

"मग माई खोटं बोलली?"

"हो. आणि मीपण. मी गप्प बसलो, म्हणजे खोटंच बोललो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रडली नाही. मग तिने मान वळवून गार्गीकडे पाहिलं, "आणि ताई?"

"मी नाही सांगितलं!" गार्गी ओरडली. इतक्या मोठ्याने की खिडकीशी उभा असलेला तो म्हातारा दचकला. "बाबा, मी नाही ना सांगितलं? तुम्ही सांगितलंत. मी तर काकांनापण हो म्हणाले, आई इथेच आहे म्हणाले. माईला फोन लावा. बाबा, आत्ता लावा!"

"माईला कशाला?"

"लावा ना!" तिचे ओठ पांढरे पडले होते. "रेवाला कळलं. आता रेवाला कळलं ना!"

मी तिचे दोन्ही हात धरले. हळूहळू, तुटक तुटक, तिने सांगितलं. आईला नेलं त्या संध्याकाळी माईने तिला देवघरात बोलावलं होतं. तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, शपथ आहे तुला, रेवाला यातलं काही कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील.

आमच्याकडे हे दिवसातून दोनदा म्हटलं जातं. जेवला नाहीस तर माझं मेलेलं तोंड बघशील, बिनस्वेटरचा गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. लहानपणी मी हे इतक्यांदा ऐकलंय की माईचं एव्हाना शंभर वेळा श्राद्ध घालावं लागलं असतं. पण गार्गीने ते ऐकलं तेव्हा तिने तासाभरापूर्वीच एक मेलेलं तोंड बघितलं होतं. तिला ते खरंच वाटलं. पाच महिने ती रेवाच्या मागेमागे होती, शाळेच्या बसमध्ये, अंघोळीला, खेळायला. कुणी आईचा विषय काढला की पुढे होऊन बोलणं तोडायची. कुणाच्या तोंडून काही निसटलं तर माई मरणार. एलायजाने विचारलं, आई इथे आहे का, आणि शेजारी रेवा उभी. काय म्हणणार ती पोर? हो म्हणाली.

आणि लोक मला सांगत होते, डॉक्टर, तुमची थोरली किती समजूतदार, डोळ्यांतून टिपूस काढला नाही तिने. मीही मान डोलवत होतो.

"एलायजा, फोन लागेल का कुठे?"

आमचं बोलणं त्याला कळत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. "त्या टेकडीवर," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली. निघण्याआधी त्याने माइक उचलला आणि चारच वाक्यं बोलला. रेडिओ एकदम गप्प झाला. मग एक आवाज आला, "पोले, डॉक्टर." मग दुसरा, "पोले साना." ती कॅम्पवरची बाई, तो घोगरा म्हातारा, एकामागून एक. मी अर्थ विचारला नाही. पाच महिने घरी भेटायला येणाऱ्यांना चुकवून मी मागच्या दाराने दवाखान्यात जात होतो. इथे गाडीला मागचं दार नव्हतं.

टेकडीवर पोचायला दहा मिनिटं लागली. गार्गी सीटच्या कडेवर बसून पुढचा रस्ता बघत होती. रेवा तिला चिकटून बसली होती, काही विचारत नव्हती. वर पोचल्यावर एलायजाने स्वतःचा फोन काढून दिला. मी नंबर लावला आणि गार्गीच्या कानाला धरला. बाहेरूनही मला तिकडची रिंग ऐकू येत होती. ती वाजत राहिली आणि थांबली. कुणी उचलला नाही.

गार्गीने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. मीसुद्धा क्षणभर घाबरलो, खोटं कशाला सांगू.

"पुन्हा लावू," मी म्हणालो. पुन्हा लावला. सात वेळा वाजला.

"कोण आहे?" माईचा आवाज. फोनवर ती नेहमी ओरडूनच बोलते.

"माई, तू आहेस?"

"आहे की गं. मागं शेंगा सोलत बसले होते, येईस्तोवर फोन बंद. सिंह दिसला का?"

"माई, रेवाला कळलं."

माई हलकेच म्हणाली, "बरं झालं. कधीतरी कळायचंच होतं."

"तुला काही होतंय का? छातीत वगैरे?"

"मला? मला काय धाड भरलीय!" माई म्हणाली. "का गं? असं का विचारतेस?"

तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं. गार्गीने थोडा वेळ ऐकून घेतलं, माईचा श्वास, मागे कुणाच्यातरी घरातला टीव्ही. मग फोन माझ्याकडे न देता एलायजाला परत दिला, दोन्ही हातांनी, आणि त्याला थँक यू म्हणाली. ती माझ्याजवळ आली आणि उभी राहिली. मला वाटलं, पाणी मागेल.

"बाबा," तिने विचारलं, "आता मी रडले तर चालेल?"

मी हो म्हणालो, आणि तिने सुरुवात केली.